मस्लांकाबाईंच्या दारात

माझा आवाज मोठा आहे. जन्मापासून नव्हता. अमेरिकेतल्या आमच्या एरी शहरात मी उमेदीची सगळी वर्षं कानाची यंत्रं विकण्यात घालवली. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला ऐकू येत नसायचं, म्हणून तर ते आलेलं असायचं. दिवसभर मी ठणाणा बोलायचो आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच पट्टीत मीठ मागायचो. माझी बायको लोरेटा म्हणते की तिनं एका हळू बोलणाऱ्या मुलाशी लग्न केलं होतं, तो पुढे कुठे गेला ते तिला कळलं नाही.

मग कानाची यंत्रं औषधांच्या दुकानांत चष्म्यांसारखी टांगून विकायला लागले. आमच्या मालकानं दुकानाला टाळं लावलं. मला तेव्हा अठ्ठावन्नावं लागलं होतं. ह्या वयात माणसाला नोकरी कुणी देत नाही, सल्ला मात्र सगळे देतात. कुणीतरी सांगितलं, मोडकळीला आलेली घरं स्वस्तात घे, नीट कर, भाड्यानं दे. आमच्या शहरात मोडकळीला आलेल्या घरांची कमतरता नाही. कारखाने गेले, माणसं गेली, घरं तेवढी राहिली. मला ते पटलं. मला कुठलीही गोष्ट पटकन पटते, हा माझा मूळ दोष. कानाची यंत्रं मी खपवली ती त्याच जोरावर. आधी मला स्वतःला पटायचं.

विमानतळाजवळच्या हॉटेलात एक दिवसाचं शिबिर होतं. फ्लोरिडाहून आलेला एक पांढऱ्याशुभ्र दातांचा तरुण शिकवायला होता. तो म्हणाला, "पत्र पाठवलंत तर ते कचऱ्यात जातं. फोन केलात तर कापला जातो. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला कचऱ्यात टाकता येत नाही." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आज अनुभवानं सांगतो, टाकता येतं.

अडचणीतलं घर कसं ओळखायचं तेही त्यानं शिकवलं. वाढलेलं गवत, दारात साचलेली वर्तमानपत्रं, छपरावर ताडपत्री. ह्यातलं एक दिसलं तर थांबायचं, तिन्ही दिसली तर देवाचे आभार मानायचे. मग बेल वाजवायची, दोन पावलं मागे सरायचं, घराचं कौतुक करायचं, हळूच अडचणीची चौकशी करायची आणि शेवटी म्हणायचं, "काळजी करू नका, मी आहे."

"कोण आहेस तू?" लोरेटानं घरी विचारलं.

"म्हणजे?"

"तू म्हणणार, मी आहे. ते विचारणार, कोण आहेस तू. मग काय सांगशील?"

हे शिबिरात शिकवलं नव्हतं.

सप्टेंबरात मी कामाला लागलो. लोरेटानं मला एक निळा कोट घेऊन दिला होता, तो घालून मी पूर्वेकडच्या गल्ल्यांतून हिंडायचो. पहिल्याच घरी गुडघाभर गवत होतं. मी फाटक उघडलं तसा मालक खिडकीतून मला बघून गडबडीनं बाहेर आला, गवत कापायचं यंत्र ओढून काढलं आणि माझ्याकडे न बघता कापायला लागला. मध्येच बोलणं बरं नव्हे, म्हणून मी उभा राहिलो. त्यानं पुढचं अंगण कापलं, बाजूची पट्टी कापली, घामाघूम होऊन मागचंही कापून आला.

"झालं," तो म्हणाला. "आता नगरपालिकेचा दंड नाही ना?"

"दंड कसला? मी घर विकत घ्यायचं का, ते विचारायला आलोय."

तो बराच वेळ माझ्या कोटाकडे बघत राहिला. "मग आधी सांगायचं होतंस," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

एका घरी म्हाताऱ्या गृहस्थांनी मला आनंदानं आत घेतलं. तळघरापासून माळ्यापर्यंत सगळं दाखवलं, कुठे ओल येते, कुठली खिडकी लागत नाही, सगळं. कॉफी झाली, केक झाला. मी मनातल्या मनात भिंती रंगवून मोकळा झालो. निघताना म्हणालो, "मग विकायचा विचार आहे का?" ते म्हणाले, "मी भाडेकरू आहे हो. पण मालकाला सांगून बघतो." बाकी बहुतेकांना मी धर्मप्रचारक वाटलो. एका बाईंनी दाराच्या फटीतून सांगितलं की त्यांचं येशूशी बोलणं झालेलं आहे, मधे माणूस नको.

बर्फ पडायला लागलं. आमच्याकडे सरोवरावरून येणारं बर्फ पडतं तेव्हा शहाणी माणसं घरात बसतात आणि दारंही उघडत नाहीत. मी हिंडत होतो. मार्च उजाडला तरी माझ्या नावावर आमचं एक घर सोडून दुसरं घर नव्हतं.

अशात मला मस्लांकाबाईंचं घर दिसलं. छपरावर निळी ताडपत्री. पन्हळ एका बाजूनं सुटून लोंबत होती. दारात प्लास्टिकच्या पिशव्यांतली वर्तमानपत्रं बर्फात रुतलेली. गवत बर्फाखाली असल्यामुळे दिसत नव्हतं, पण ते वाढलेलंच असणार असं मी धरून चाललो. तिन्ही खुणा. मी देवाचे आभार मानले आणि बेल वाजवली.

दार उघडलं ते ऐंशीच्या पुढच्या एका ताठ बाईंनी. ओठांना लाली, केस नुकतेच बसवून घेतलेले. वय बघितल्याबरोबर माझ्या घशानं आपोआप दुकानातली पट्टी धरली.

"बाई, घर फार सुंदर आहे तुमचं," मी म्हणालो. लोरेटाच्या भाषेत ह्याला बोलणं म्हणत नाहीत.

"मला ऐकू येतं," बाई म्हणाल्या.

"सांभाळणं जड जातंय का? घरपट्टी थकली आहे का? बँकेचा काही तगादा? काळजी करू नका, मी आहे."

"मला ऐकू येतं म्हटलं ना. आता सगळ्या गल्लीलाही आलं."

मी वळून बघितलं. समोरच्या घरापुढे एक बाई बर्फ काढत होत्या. त्यांचं फावडं हवेत थांबलं होतं. त्या इर्मा फिशर, आमच्याच चर्चच्या. त्यांना कळलेली गोष्ट फादरना कळायला एक दुपार पुरते.

मस्लांकाबाईंनी मला नीट निरखून बघितलं. "तू स्टेलाचा मुलगा ना? कुझनियार? नॉर्बर्ट?"

"हो."

"तुझी आई कुजबुजायची. देवळातसुद्धा तिचं 'आमेन' शेजारणीला ऐकू यायचं नाही." एवढं बोलून त्यांनी दार लावलं. जोरात नाही, एखाद्या गोष्टीवर पडदा टाकावा तसं.

आणखी एक दार लागलं, एवढाच त्याचा अर्थ मी काढला आणि घरी येऊन सूप प्यायलो.

चौथ्या दिवशी फोन आला. "मस्लांका बोलतेय. इकडे ये आणि तू काय करून ठेवलंयस ते बघून जा."

मला वाटलं, विचार बदलला. मी कोट चढवला. लोरेटा म्हणाली, "तुझा चेहरा असा खुललेला असतो ना, तेव्हा मला भीती वाटते."

मस्लांकाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला आत न घेता हाताला धरून रस्त्यावर नेलं आणि छपराकडे बोट केलं. ताडपत्री गेली होती. तिच्या जागी छपरावर तपकिरी रंगाचं भलंमोठं ठिगळ होतं. बाकीचं छप्पर राखाडी.

"मी केस बसवायला गेले होते," बाई म्हणाल्या. "परत येते तो चर्चची पाच माणसं शिड्या लावून माझ्या डोक्यावर. म्हणे, जेनेव्हिव्ह, तू काही बोलू नकोस, आम्हाला सगळं कळलंय. कुणाच्या तरी गॅरेजात उरलेला माल होता, तो ठोकून गेले."

"पण मग छप्पर गळायचं थांबलं ना?"

"छप्पर महिनाभरापूर्वीच नवं करायला दिलं होतं मी. पैसे भरून. हिरवं. कारागीर म्हणत होता गडद हिरवं घ्या, मी म्हणत होते फिकं. ते ठरेपर्यंत ताडपत्री होती. आता तो कारागीर म्हणतो, आधी हे उचकटायचे वेगळे पैसे."

"आणि पन्हळ?"

"छप्पर उतरवायचं तर पन्हळ सोडवायला नको? तू घरं घेतोस ना?"

मी वर्तमानपत्रांचं विचारणार होतो. त्यांनीच सांगितलं की पेपर त्यांनी वर्षापूर्वी बंद केलाय, कंपनी फुकट टाकत राहते, आणि न मागितलेली वस्तू वाकून उचलायची त्यांना सवय नाही.

मग त्यांनी मला आत स्वयंपाकघरात नेलं. टेबलावर, ओट्यावर, खिडकीत, सगळीकडे फॉइल लावलेले ट्रे. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा चार घरचा. चीज घालून भाजलेल्या शेवया तीन घरच्या. पिरोगी, आमच्या त्या बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, किती होत्या देव जाणे. टेक्ससहून मुलाचा फोन येऊन गेला होता. त्याला कुणीतरी कळवलं होतं की आईचं घर बँक ओढून नेतेय. तो रडला होता म्हणे.

"माझ्या नवऱ्यानं एकही हप्ता चुकवला नाही," मस्लांकाबाई म्हणाल्या.  "तो गेल्यावर मीही नाही. आणि आता देवळात लोक माझ्याकडे कीवेनं मान तिरकी करून बघतात. तू ज्या आवाजात हे पसरवलंस ना, त्याच आवाजात निस्तरायचं. शुक्रवारी माशांच्या जेवणाला ये."

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या तळघरात मासे तळतात. सगळा परिसर तिथे लोटतो. उपास हे निमित्त. इतकं जेवण आम्ही बिनउपासाच्या दिवशीही जेवत नाही.

जाताना गाडीत लोरेटानं मला पढवलं. "दोनच वाक्यं. बाईंचं कुणाला काही देणं नाही. त्या घर विकत नाहीयेत. बोल आणि खाली बस."

"माफी मागायला नको?"

"तिसरं वाक्य माफीचं. चौथं बोललास तर मी चालत घरी जाईन."

फादर मेटींनी माइक पुढे केला. मस्लांकाबाई पहिल्या टेबलावरून म्हणाल्या, "त्याला नको तो." मी उभा राहिलो. दोन्ही वाक्यं बरी झाली. माफीही झाली. मग सगळं तळघर गप्प होऊन माझ्याकडे बघत होतं, आणि इतकी माणसं आपलं इतकं लक्ष देऊन ऐकताहेत म्हटल्यावर माझ्यातला विक्रेता जागा झाला. समोरच्याला पटवून द्यायची संधी मला सोडवत नाही.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "बाईंना काही अडचण नाही. अडचण मला आहे. दुकान बंद झाल्यापासून मी दारोदार हिंडतोय. थंडी बघितली नाही, बर्फ बघितलं नाही, ह्या एका कोटावर. लोक दार उघडत नाहीत. उघडलं तर तोंडावर लावतात. सहा महिन्यांत हाताला काही लागलं नाही. म्हणून ताडपत्री दिसल्यावर मला मोह झाला."

लोरेटानं डोळे मिटून घेतले होते. मी खाली बसलो. कुणीतरी माझ्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा ठेवला. मागून एक हात माझ्या खांद्यावर पडला आणि थोपटून गेला. सगळ्यांत लांबच्या टेबलावरचा चेस्टर बुराक, कारखान्याच्या भोंग्याखाली जन्म काढून कान गमावलेला, शेजाऱ्याला मोठ्यांदा म्हणाला, "कित्येक वर्षांत ह्या तळघरात मला अख्खं भाषण ऐकू आलं ते हेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. लोरेटानं दार उघडलं. इर्मा फिशर हातात ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"लोरेटा, तू काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात ट्रे ठेवायला जागा उरली नाही. माझ्यासाठी एक जुना पण उबदार कोटही आला. फादर मेटी स्वतः येऊन सांगून गेले की चर्चचं गरजूंसाठीचं धान्याचं कपाट मंगळवारी उघडतं आणि मागच्या दारानं आलं तर कुणी बघत नाही. लोरेटा दातांच्या दवाखान्यात चांगल्या पगारावर आहे. आमचं घर कर्जातून मोकळं होऊन कितीतरी वर्षं झाली. ती दार लावून माझ्याकडे वळली.

"आपण गरीब आहोत हे मला आत्ता दारात कळलं," ती म्हणाली. "मला आधी सांगायचं होतंस. मी परवाच बूट घेतले."

सगळ्यांत कळस संध्याकाळी झाला. इर्मा पुन्हा आल्या, ह्या वेळी चमचे विसरले म्हणून. बसल्या. आमच्या दिवाणखान्याच्या छताला कोपऱ्यात एक पिवळा डाग आहे, तो मी गेल्या हिवाळ्यात रंगवणार होतो. त्यांनी डागाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आवाज अगदी मऊ करून म्हणाल्या, "नॉर्बर्ट, फार सुंदर घर आहे तुमचं. सांभाळणं जड जातं का रे? माझा भाचा घरं घेतो. लोकांना अडचणीतून सोडवतो."

मी आयुष्यात इतका हळू बोललो नव्हतो. "नाही, ठीक चाललंय," म्हणालो. पण वाटलं की ह्या बाईनं उठावं आणि जावं. आपल्या घरात बसून दुसऱ्यानं आपल्या छताकडे तसं बघितलं की कसं वाटतं, ते शिबिरात शिकवत नाहीत. मी त्या संध्याकाळी डाग रंगवला. रंग वेगळाच निघाला. आता तिथे पांढरा डाग आहे.

राहता राहिले ट्रे. आमच्याकडे प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव लिहिलेलं असतं. भांडं धुऊन परत द्यायचं, आणि रिकामं द्यायचं नाही, असा रिवाज आहे. लोरेटानं एका रविवारी खसखशीचे रोल भाजले, भांड्यांत भरले आणि म्हणाली, "जा. तुला दारोदार हिंडायची सवय आहेच."

मी गेलो. त्याच गल्ल्या, तीच फाटकं. सहा महिने ज्या दारांनी मला फटीतून बघितलं होतं ती सताड उघडली. ये, बस, बूट असू देत. मी कुणालाही घराबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारायची लाजच वाटत होती. मस्लांकाबाईंकडे माझा काही ट्रे नव्हता, तरी लोरेटानं त्यांच्यासाठी वेगळे रोल दिले होते. त्यांनी एक चाखून बघितला. "खसखस कमी आहे," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "फिकं हिरवंच घेतेय. बस."

शेवटी हातात एक काचेचं भांडं उरलं. त्यात सॉसेजचे तुकडे घालून आणलेला शिजवलेला कोबी होता, तो चेस्टर बुराकनं आणला होता, हे मला आठवत होतं. तळाला नाव मात्र होतं वांडा.

चेस्टर आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे राहतो. सत्तरी ओलांडलेला, एकटा, हाताचा पंजा फावड्याएवढा. मी भांडं पुढे केलं तर त्यानं रोल काढून घेतले आणि भांडं माझ्याच हातात ठेवलं.

"हे माझं नाही," तो म्हणाला. "वांडाचं आहे."

वांडा त्याची धाकटी बहीण. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. लोरेटा आणि मी तिच्या मातीला गेलो होतो. जाण्याच्या थोडं आधी तिनं त्याला ह्या भांड्यातून काहीतरी पाठवलं होतं, ते भांडं त्याच्याकडेच राहिलं.

"मग तिच्या घरी नेऊन ठेव," मी म्हणालो. अर्थातच माझ्या नेहमीच्या आवाजात. चेस्टरशी दुसऱ्या आवाजात बोलून उपयोग नाही.

"मी आत जात नाही."

"घर विकलं का?"

"विकलं नाही. घरपट्टी भरतो, हीटर चालू ठेवतो, बर्फ काढतो. आत जात नाही." त्यानं एक रोल उचलला आणि परत ठेवला. "मी बाहेर बर्फ काढत असतो तोवर ती आत असते, नॉर्बर्ट."

 चेस्टरनं टोपी घातली. "चल," म्हणाला. "तू असशील तर जमेल कदाचित."

वांडाचं घर पुढच्याच वळणावर होतं. अंगण स्वच्छ, बर्फ वितळावं म्हणून पायऱ्यांवर मीठ टाकलेलं, दारावर रंग. माझ्या शिबिरातल्या कुठल्याच खुणेत हे घर बसलं नसतं. मी त्याच्यासमोरून हिवाळाभर गेलो होतो आणि शेजारच्या पडक्या घराची बेल वाजवली होती. चेस्टरनं किल्ली लावली आणि दार ढकलून माझ्या मागे सरकला. मीच आधी आत गेलो. धुळीचा आणि जुन्या पडद्यांचा वास. ओट्यावर उपडा ठेवलेला एक कप. चेस्टर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबला. मग त्यानं माझ्या हातातलं भांडं घेतलं, खालचं कपाट उघडलं, आणि सारख्याच दिसणाऱ्या दोन भांड्यांवर ते अलगद ठेवलं. काचेवर काच वाजली. तो तसाच वाकून उभा राहिला, कपाटाचं दार धरून. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. 

"तू घरं घेतोस ना?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"घेत नाही. विचारत हिंडतो."

"मग मला का नाही विचारत?"

त्या क्षणी काहीही विचारायची माझी इच्छा नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण तो वाट बघत होता. मी जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "चेस्टर, हे घर विकायचा विचार आहे का?"

"काय?"

"घर विकायचं का?"

"ऐकू येत नाहीये. असा का पुटपुटतोस?"

मग मी नीट विचारलं. खिडकी बंद होती तरी बाहेर फुटपाथवरून चाललेला माणूस थांबून घराकडे बघायला लागला. चेस्टरनं मान डोलावली. "दुसऱ्या कुणाला दिलं तर ते सगळं तोडतील," म्हणाला. "तुला घाई नाही. तुला कशाची घाई असती तर सहा महिन्यांत एखादं तरी घर घेतलं असतंस."

किंमत त्यानं सांगितली ती मी ताबडतोब मान्य केली. लोरेटानं नंतर आकडा ऐकून विचारलं, "घासाघीस कशी करायची ते शिबिरात शिकवलं होतं ना?" शिकवलं होतं. जेवणानंतरच्या तासाला. मी पेंगत होतो.

मे महिन्यात कागद झाले. वकिलाच्या ऑफिसातून बाहेर पडल्यावर चेस्टरनं किल्ली माझ्या हातात दिली आणि जिन्यात थांबून विचारलं, "आता मी तिकडे आलो तर बेल वाजवायची का?"

"वेडा आहेस का? तसाच ये की आत."

"नाही, घर तुझं आहे आता," तो म्हणाला.

त्या उन्हाळ्यात मी आयुष्यात पहिल्यांदा भिंतीवरचा जुना कागद खरवडला, नळ बदलला, आणि बदललेला नळ पुन्हा बदलायला माणूस बोलावला. फरशी पुसताना मला कळलं की स्वयंपाकघर एका बाजूला उतरतं. गोटी ठेवली तर घरंगळत फ्रिजखाली जाते. शहाण्यानं हे घेण्याआधी बघितलं असतं. भाडेकरूही मिळाले, नेपाळहून आलेलं एक कुटुंब, दोन बहिणी, एकीचा नवरा आणि त्यांची आई. ते ऑगस्टमध्ये राहायला येणार होते आणि माझ्या हातून काम काही सरत नव्हतं.

चेस्टर रोज सकाळी यायचा. दार सताड उघडं असलं, मी समोरच शिडीवर दिसत असलो, तरी तो पायऱ्यांवर थांबून बेल वाजवायचा आणि दोन पावलं मागे सरून उभा राहायचा. मी हातातला ब्रश खाली ठेवून उतरून जायचो.

"कोण आहे?" मी दारात जाऊन विचारायचो.

"चेस्टर बुराक. इकडून चाललो होतो."

"काय काम काढलंत?"

"काही नाही. घर बरं दिसलं, म्हटलं बघावं."

"या ना मग आत," मी म्हणायचो. तो टोपी काढायचा, बूट नीट पुसायचा आणि आज कुठली भिंत घ्यायची ते विचारायचा.